पहिल्या आवृत्तीचा क्रँकशाफ्ट

मित्रांनो, मी एक जुना क्रँकशाफ्ट आहे. आम्ही मोटारीच्या पोटात राहत असल्यामुळे आपली ओळख झालेली नाही. चार पिस्टन वर-खाली उड्या मारत आम्हाला लाथा घालतात. त्या लाथांनी आम्ही गरगर फिरतो, म्हणून चाकं फिरतात. मग लोक म्हणतात, "गाडी काय पळते." आमचं नाव कोणी घेत नाही. घेतलंच, तर समजावं, मोठा खर्च निघाला.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. इंजिनाच्या पहिल्या आवृत्तीतले आम्ही सगळे असेच. आमचे कोपरे टोकदार होते. दिसायला रुबाबदार, पण तडा जायचा तो तिथूनच. माझे कितीतरी भाऊबंद भर रस्त्यात दोन तुकडे होऊन गेले. मग कारखान्याने दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातला क्रँकशाफ्ट तापलेलं पोलाद ठोकून केलेला, गोल कोपऱ्यांचा. आमचा हा धाकटा भक्कम निघाला. आम्हाला मात्र कोणी 'बाळांनो, जपून' एवढंही म्हटलं नाही.

तेव्हापासून मला चैन नाही. चढावर वाटायचं, आज मोडणार. उतारावर वाटायचं, चढावर राहून गेलं, आता मोडणार. सिग्नलला गाडी थांबायची, तेव्हाही मी जागच्या जागी फिरत काळजी करायचो.

माझी मालकीण टॅक्सी चालवायची. तिला सगळे ताई म्हणत. दर आठवड्याला ती आईला घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायची. त्या घाटाच्या एका बाजूला डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. एकदा चढावर माझ्यातून ठक ठक आवाज येऊ लागला.

"दार कोण वाजवतंय गं?" आईने विचारलं.

ताईने गाडी वळवली आणि हळूहळू भावाच्या गॅरेजात आणली. त्याने मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी उजेड पाहिला. काही खास नव्हता.

"ताई, हा पहिल्या आवृत्तीचा आहे. माझ्याकडे दुसरीचा आहे, तो बसवतो."

"नुसतं बेअरिंग बदल. याने मला कधी दगा दिला नाही."

"भावोजींनी तरी कुठे दिलाय? पण त्यांच्या भरवशावर तू घाट चढत नाहीस."

भावाने मला तारेला टांगलं. हातोडी मारली की धड क्रँकशाफ्ट घंटेसारखा घुमतो, तडकलेला बोदा वाजतो. घुमलो, तर पुन्हा गाडीत, पुन्हा घाटात, शेजारी आई. मी सगळा जीव एकवटून घुमायचं ठरवलं.

ठप.

"तुझा हातच हलका आहे. दे इकडे." ताईने हातोडी घेतली.

ठप.

तिने पुन्हा हात उगारला.

"अगं, किती मारशील त्याला?" बाकावरून आई म्हणाली. "सांगतोय ना तो."

ताईने हातोडी खाली ठेवली. मग धाकट्याला टांगलं. तो इतका घुमला, की शेवटी भावाने त्याला हाताने धरून गप्प केलं.

आता मी गॅरेजच्या कोपऱ्यात उभा असतो. आई येते तेव्हा माझ्यावर पिशवी अडकवते. फिरणाऱ्याला उभं राहणं फार जड जातं. घाटाच्या दिवशी तर विचारूच नका. त्या दोघी परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

मित्रांनो, तुमच्या गाडीत कधी ठक ठक झालं, तर रेडिओ मोठा करू नका. गाडी थांबवा. तो आमच्यापैकी कोणीतरी असतो. आम्हाला दुसरा शब्द येत नाही.