पालथा पाळणा

रक्ताला रक्त, हा त्या डोंगरांचा धर्म होता. आणि दाराशी आणलेल्या तान्ह्या जीवाला विन्मुख धाडू नये, हेही त्याच धर्मात सांगितलेले होते. या दोन आज्ञांच्या मधोमध, चुलीपाशी, प्रेल मान खाली घालून बसला होता.

समोर पाळणा होता. प्रेलच्या थोरल्या मुलाला, पाश्कला, गोळी घालून मारणाऱ्या ल्युलाशचे ते बाळ. रिवाजाप्रमाणे पालथे बांधून आणलेले. घरधन्याने स्वहस्ते त्याला उताणे केले, की वैर मिटले. न केले, तर सुडाची बंदूक धाकट्या मुलाच्या, जेर्जच्या, खांद्यावर; आणि त्यानंतर मरायची पाळी त्याची. ल्युलाश बाहेर उभा होता, हात पाठीशी बांधलेले. उघड्या दारातून धुके आत येत होते आणि पाळणा पाण्यावर तरंगत असल्याचा भास होत होता.

“प्रेल, बोल काहीतरी,” मध्यस्थीला आलेला म्हातारा मेहिल म्हणाला. “माझी हाडं गोठली या दगडावर. नाही म्हणायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही रे.”

जेर्ज भिंतीपासून पुढे आला.

“बाबा, आज हा पाळणा फिरवलात, तर उद्या गाव तुम्हाला गुडघ्याखालून कॉफी सरकवेल. भेकडाला देतात तशी. पिणार आहात?”

प्रेल खुंटीवरच्या पाश्कच्या पांढऱ्या टोपीकडे पाहत राहिला.

त्याची बायको द्रांदे लाकडे घेऊन आली. पुरुषांच्या बैठकीत तिला शब्द नव्हता. चुलीत दोन ओंडके सारून ती मागे सरली.

धूर उठला. आधी निळसर, मग दाट. माणसे पुसट झाली, भिंती विरल्या. त्या राखाडी स्वप्नातून एक इवलासा खोकला आला, मग श्वास अडकल्याचा आवाज. प्रेलचे हात पुढे गेले. पट्ट्या सुटल्या. बाळ त्याच्या तळव्यांवर उताणे झाले. त्याने बाहीने त्याचे डोळे टिपले, कधीकाळी पाश्कचे टिपायचा तसे.

धूर निवळला, तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

“धुरामुळे ना?” जेर्ज हलकेच म्हणाला. “बाबा, नुसतं धुरामुळेच ना?”

प्रेलने चुलीकडे पाहिले. हिरव्या सालीचे ओले ओंडके फेसाळत होते. कोपऱ्यात वाळक्या लाकडांची रास छतापर्यंत रचलेली होती. उभ्या संसारात द्रांदेने या चुलीत ओले लाकूड घातले नव्हते. ती दाराशी उभी होती. तिची नजर जेर्जच्या पाठीवर खिळलेली.

“मी फिरवलं,” प्रेल म्हणाला. “माझ्या हातांनी. मेहिल, सोडा ल्युलाशचे हात. द्रांदे, कॉफी ठेव.”

मग त्याने बाळाच्या टाळूवर ओठ टेकले.

“म्हातारा हो, बाळा,” तो पुटपुटला, आणि मान वर करून जेर्जकडे पाहिले. “दोघेही म्हातारे व्हा.”