गाजर वेगळं, बटाटा वेगळा

नाक दाबून ऐकणार असाल तरी हरकत नाही, मित्रांनो. मी एक जुना मिक्सर आहे आणि मी जे सांगणार आहे ते जेवता जेवता ऐकण्यासारखं नाही. वाटणं हे माझं काम. त्यामुळे मला काय वाटलं, असं आजवर कुणी विचारलं नाही. आज मीच सांगतो. मला किळस वाटली. पोटात मोटर आहे म्हणून, नाहीतर ओकलोच असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला तीन भांडी मिळाली, धारदार पाती मिळाली आणि पांढराशुभ्र रंग मिळाला. दुकानाच्या काचेत मी असा काही ऐटीत उभा असे की विचारू नका. एके दिवशी एक जोडपं आलं. नवरा घड्याळजी होता. त्यानं मला सुरू करून कान लावला आणि म्हणाला, "आवाज बरोबर आहे." बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. तिनं माझं झाकण उघडून आत वास घेतला. त्या दोघांनी मला घरी नेलं आणि खिडकीजवळच्या ओट्यावर जागा दिली.

ते दिवस सुखाचे होते. टोमॅटो, आलं, लसूण, फळं, सगळं कसं ताजं आणि खणखणीत! पाहुणे आले की बाई माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायच्या, "आमच्या ह्याला तोड नाही." ते मला म्हणायच्या की घड्याळजींना, हे मी कधी विचारलं नाही. मी ते माझंच कौतुक धरून चालत असे.

मग घड्याळजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं जवळजवळ गेलं आणि गिळणंही बिघडलं. पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे सगळं बारीक वाटून, दाटसर करून, चमच्यानं भरवायचं. झालं, माझे चांगले दिवस संपले. मित्रांनो, उकडलेलं अंडं कधी वाटलंय? मी वाटलंय. गिळगिळीत होतं आणि पात्यांच्या खाली जाऊन चिकटून बसतं. शिजलेला पालक वाटला की तळ्यातल्या शेवाळासारखा दिसतो. आलेगेले लोक ताटलीकडे पाहून नाक मुरडायचे आणि मग "अरे वा, पौष्टिक!" म्हणायचे. त्या "अरे वा"ची मला पालकापेक्षा जास्त किळस यायची.

पण बाईंची एक पद्धत होती. त्या काही म्हणजे काही एकत्र वाटायच्या नाहीत. आधी गाजर. मग भांडं धुवायचं. मग बटाटा. पुन्हा धुवायचं. मग पालक. ताटलीत केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन ढीग, एकाला दुसरा लागू द्यायचा नाही. आणि भरवण्याआधी प्रत्येक ढिगातला चमचाभर स्वतः चाखायचा. मीठ कमी असेल तर घालायचं. मला कंटाळा यायचा, मोटर तापायची. मला वाटे, एवढं कशाला? माणूस आजारी, जीभ अर्धी बधिर, त्याला काय कळणार? एक दिवस घड्याळजी डोळे मिटून घास तोंडात घोळवत राहिले आणि जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाले, "गाजर." कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. बाई ओट्याला टेकून रडल्या. त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

अशी काही वर्षं गेली आणि मग बाईच आजारी पडल्या. रक्त जिथं तयार होतं, त्या हाडांच्या आतल्या मज्जेतच कर्करोग होता. औषधांनी तो दबला खरा, पण डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानं भागायचं नाही, स्टेम सेलचं प्रत्यारोपण करावं लागेल. म्हणजे काय, ते बाईंनी घड्याळजींना समजावून सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. बाईंच्याच रक्तातल्या मूळ पेशी यंत्रानं वेगळ्या काढायच्या आणि गोठवून ठेवायच्या. मग जबरदस्त औषध देऊन आतलं सगळं, रोगाशी लढायची ताकदसुद्धा, मारून टाकायचं. आणि मग त्या पेशी परत अंगात सोडायच्या. काही आठवडे दवाखान्यातल्या वेगळ्या खोलीत, मग कित्येक महिने घरात जपून. "तेवढे दिवस तुम्हाला कोण भरवणार?" बाईंनी विचारलं. पोटी मूलबाळ नव्हतं. बाईंनी तारीख पुढे ढकलली. दुसऱ्यांदा ढकलायला गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ढकललंत तर पुढचं माझ्या हातात राहणार नाही.

तयारी सुरू झाली. किडलेले दात काढून टाकले, कारण तोंडात जरासुद्धा सडलेलं काही चालणार नव्हतं. मूळ पेशी रक्तात उतराव्यात म्हणून पोटात इंजेक्शनं सुरू झाली आणि त्यांनी हाडं अशी ठणकायची की बाई दोन्ही हातांनी मला धरून उभ्या राहायच्या. घरातल्या कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या, जुने गालिचे काढले. बुरशी, माती, कुबट वास, सगळं घराबाहेर. आता फक्त माणूस मिळायचं होतं.

माणूस चालून आलं! घड्याळजींचे धाकटे भाऊ. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट आणि तोंडात साखर. "वहिनी, तू निश्चिंत जा," ते म्हणाले. "दादाला माझ्यावर सोपव. मला कसलीच किळस नाही. हगणं-मुतणं सगळं काढीन."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं. ज्या दिवशी बाईंच्या पेशी काढायच्या होत्या, त्या दिवशी भाऊजी सकाळीच हजर झाले. बाईंनी त्यांना तीन ढीग दाखवले, चमचा दाखवला, मान कशी धरायची ते दाखवलं. ते "हो हो" करत राहिले.

बाई गेल्या आणि भाऊजींनी फ्रीज उघडला. उकडलेलं गाजर, बटाटा, भात, अंडं, पिकलेलं केळं, दुपारच्या गोळ्या आणि वर दूध. सगळं माझ्या एकाच भांड्यात कोंबलं. "पोटात जाऊन सगळं एकच होतं रे," फोनवर कुणाला तरी सांगत त्यांनी माझा कान पिरगळला.

जे तयार झालं त्याचा रंग सांगवत नाही. ओल आलेल्या भिंतीचा म्हणा. केळ्याच्या गोडात अंड्याचा वास आणि त्यात गोळ्यांचा कडूपणा. माझ्या अंगाचा थरकाप झाला, पण मिक्सर थरथरतोच, असं समजून कुणी लक्ष दिलं नाही. घड्याळजींची चाकाची खुर्ची स्वयंपाकघरातच होती, त्यामुळे पुढचं सगळं मला बघावं लागलं, डोळे मिटताही आले नाहीत. भाऊजी एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं चमचे ढकलत होते. हनुवटीवर ओघळलेलं चमच्यानं खरवडून परत तोंडात घालत होते. ज्या फडक्यानं ओटा पुसला, त्याच फडक्यानं भावाचं तोंड पुसलं. घड्याळजींनी ओठ घट्ट मिटले. "हट्ट नाही करायचा हं, राजा," असं लाडानं म्हणत भाऊजींनी त्यांचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत. घड्याळजींना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ घाण वाटली आहे. पण त्या दिवसाइतकी शिसारी मला कधीच आली नाही. आणि ती भांड्यातल्या लगद्याची नव्हती.

संध्याकाळी बाई आल्या. हातांना पट्ट्या, ओठ पांढरे. भाऊजींनी बूट आधीच चढवले होते. "एकदम फर्स्ट क्लास जेवला दादा!" ते म्हणाले. बाईंनी घड्याळजींचा बरबटलेला शर्ट पाहिला. मग माझं झाकण काढलं, चमचा बुडवला आणि जिभेवर ठेवला. तोंड बेसिनमध्ये रिकामं करून त्या वळल्या.

"भाऊजी, तुम्ही हे चाखून बघितलंत?"

"मी?" भाऊजी हसले. "मी कशाला चाखू? ते पेशंटचं आहे."

"यापुढे येऊ नका," बाई म्हणाल्या.

"वा! चांगलं करायला जावं तर हे बक्षीस!" भाऊजी रागानं निघून गेले. अत्तर मागे राहिलं आणि ते त्या लगद्याच्या वासात मिसळलं. बाई खुर्चीजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "नाही जात मी. मरू दे ती तारीख." घड्याळजींनी डावा हात टेबलावर आपटला. "जा," ते म्हणाले. "कुणाच्या भरवशावर जाऊ?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींच्या थोरल्या बहीण आल्या. घरात त्यांना मागून सगळे 'ईऽताई' म्हणायचे. मोठ्या हॉटेलात खोल्या तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. उशीवर केस दिसला की पलंग पुन्हा घालायला लावायच्या. कुणाकडे गेल्या तर खुर्ची पुसून बसायच्या, पाण्याचा पेला स्वतःचा आणायच्या. अशा ताईंना भरवायला सांगावं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ताई आल्या होत्या त्या बाईंना दवाखान्यासाठी 'नीट जाऊन ये' म्हणायला. दारातच नाकाला रुमाल.

"ई! कसला वास आहे गं हा?"

बाईंच्या अंगात भांडं धुण्याचंही बळ उरलं नव्हतं. कालचा लगदा माझ्यात तसाच होता. "तुमच्या भावाचं कालचं जेवण," बाई म्हणाल्या.

ताईंनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि धावत मोरी गाठली. खरीखुरी उलटी झाली, मित्रांनो, आवाजासकट. परत आल्या त्या घामाघूम, पण डोळे लाल झालेले. "हे माझ्या बाळ्याच्या तोंडात कुणी घातलं? मला नुसतं बघून ओकारी आली, त्यानं गिळलं कसं?"

बाईंनी सांगितलं. ताईंनी बाह्या सारल्या. गरम पाणी, साबण, आणि मला उलटंसुलटं करून घासायला सुरुवात. नखानं झाकणाखालचं रबर उचकटलं तेव्हा किंचाळल्या. रबराच्या खाचेत काळी, बुळबुळीत बुरशी होती. बाई रोज मला धुवायच्या, पण ते रबर निघतं हे कुणाला माहीतच नव्हतं. बाईंचा चेहरा उतरला. त्या औषधानंतर अशी बुरशी पोटात गेली असती तर त्या वाचल्या नसत्या. जगाला नाक मुरडणारा मी, आणि माझ्या टाळूला हे! मला बोलता आलं असतं तर मीच म्हटलं असतं, मला आधी बाहेर काढा.

"भंगारात," ताई म्हणाल्या. "नवा आणू. आणि त्याचं रबर रोज काढायचं."

पण जेवणाची वेळ झाली होती. ताईंनी गाजर उकडलं आणि बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्यानं घासून काढलं. गाळणी धुतली. मग बटाटा. सगळं वेगळं, कुणी न शिकवता. एकात दुसरं मिसळलेलं त्यांना बघवतच नव्हतं. प्रत्येक ढिगातलं चाखताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होई. "ई, मीठ कुठाय? हे मला जात नाही, तर त्याला कसं जाईल?"

चमचा घेऊन त्या भावासमोर बसल्या. घड्याळजींनी त्यांच्या वाकड्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. लाळ गळाली. "शी! हसू नकोस, गळतंय," म्हणत ताईंनी स्वच्छ रुमालानं ती टिपली, रुमाल बादलीत टाकला, दुसरा घेतला. घड्याळजींनी आपणहून तोंड उघडलं.

भरवून झाल्यावर ताई बाईंकडे न बघता म्हणाल्या, "मला किळस येणार. रोज येणार. ती काही जायची नाही. चालत असेल तर राहते मी."

"ताई, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. आणि त्या औषधानं तुझ्या तोंडात फोड येतील म्हणे, तुलाही काही चावता येणार नाही. तू घरी आलीस की तुझंही असंच करीन. वेगवेगळं." मग त्या खेकसल्या, "रडू नकोस आता, नाक गळेल."

त्याच दुपारी वायर गुंडाळून मला जिन्यात ठेवण्यात आलं. तिथूनच मी तुमच्याशी बोलतोय, भंगारवाला येईपर्यंत. माझं एवढंच मागणं आहे. आपल्या यंत्रांची रबरं काढून धूत जा. आणि दुसऱ्याच्या तोंडात जे घालाल ते आधी चाखा. तुम्हाला शिसारी आली, तर ती लपवू नका, तेवढ्यासाठी तरी ते पुन्हा नीट कराल. "मला कसलीच किळस नाही" म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा.

आज सकाळी बाई लहानशी पिशवी घेऊन निघाल्या. दार त्यांनी हळूच ओढून घेतलं. पायऱ्या उतरताना मध्येच थांबल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता परत फिरतात. तेवढ्यात आतून आवाज आला, "ईऽ! हे काय बाळ्या, पालक कानापर्यंत कसा गेला तुझ्या? थांब, हलू नकोस!" आणि त्यापाठोपाठ घड्याळजींचं हसू.

बाईंनी ते ऐकलं. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मागे न बघता खाली उतरून गेल्या.