तेवढ्याच मापाची बातमी

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि टेबलावरच्या कात्रणावर आडवी धरली.

"रुंदी साडेसात इंच," ते म्हणाले. मग टेप उभी फिरवली. "उंची पाच. तेवढंच पाहिजे. जास्त नको, कमी पण नको."

समोर बसलेल्या ताईंनी चष्मा वर सरकवला. गुन्ह्यांच्या बातम्या लिहिण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती आणि कचेरीत शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. बातमी मोठी करा म्हणणारे पुष्कळ भेटले होते, अजिबात छापू नका म्हणणारे त्याहून जास्त. पण माप घेऊन आलेला हा पहिलाच.

कात्रण पाच वर्षांपूर्वीचं होतं. 'चौकातील गोळीबार: कुख्यात दोरा जेरबंद.' खाली ताईंचं नाव. दोरा म्हणजे या शिंपी मास्तरांचा मुलगा. लहानपणी तो इतका काटकुळा होता की गल्लीने त्याला शिंप्याच्या दुकानातलंच नाव दिलं. पोलिसांनी त्याला 'ऊर्फ' जोडलं आणि ताईंनी ते मथळ्यात उचललं. 'कुख्यात' मात्र पोलिसांचं नव्हतं. मथळ्याची ओळ एका शब्दाने तोकडी पडत होती, पानं छपाईला सोडायची घाई होती, म्हणून ताईंनी तो घातला होता. हे त्यांना आजही स्वच्छ आठवत होतं.

मास्तरांनी प्लास्टिकच्या पिशवीतून निकालपत्र काढलं. एकसष्ट पानं. दुकानात कोट शिवायला येणाऱ्या एका वकिलाकडून त्यांनी ते थोडं थोडं वाचून घेतलं होतं. पूर्ण व्हायला त्याचे तीन कोट लागले.

"बाविसाव्या पानावर बघा."

बाविसाव्या पानावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं की पिस्तूल ज्या खोलीतून जप्त केल्याचं दाखवलं आहे, त्या खोलीची किल्ली आरोपीकडे कधी नव्हतीच. तपास अधिकाऱ्याने आधी माणूस ठरवला आणि मग त्याला शोभेल असा पुरावा जमवला. चार वर्षं तुरुंगात काढल्यावर मुलगा निर्दोष सुटला होता.

"आठ महिने झाले निकालाला," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे एक ओळ नाही."

"आम्हाला कळलंच नाही, मास्तर."

आणि ते खोटं नव्हतं. अटकेची प्रेसनोट रोज संध्याकाळी न चुकता येते. सुटकेची प्रेसनोट कोणी काढत नाही. ताईंनी हे सांगितलं, तेव्हा मास्तरांनी टेप गुंडाळत नुसती मान हलवली. त्यांना त्यात काही नवल वाटलं नसावं.

वृत्तसंपादकांनी अपेक्षेप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या.

"पाच वर्षांपूर्वीची भानगड आता कोण वाचणार, ताई?"

"सोमवारी पोलीस सुधारणा समितीचा अहवाल येतोय. त्यात खोट्या जप्तीवर अख्खं प्रकरण आहे. बाकीचे नुसता अहवाल छापतील. आपल्याकडे जिताजागता माणूस आहे."

"दोन कॉलम देतो."

"चार."

"तुम्ही जागा मागताय की भांडायला आलाय?"

"माप ठरलंय," ताई म्हणाल्या आणि हटल्या नाहीत.

बातमी त्यांनी दोन दिवस खपून लिहिली. तपास अधिकाऱ्याला फोन केला, तर त्याने नाव ऐकताच ठेवून दिला. तेही लिहिलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की या वृत्तपत्रानेही त्या वेळी केवळ पोलिसांच्या सांगण्यावरून या तरुणाला कुख्यात ठरवलं होतं. असं वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत लिहिलं नव्हतं. तो शब्द पोलिसांचा नसून आपला होता, एवढं मात्र त्यात आलं नाही. तरी लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचंही थोडं बरं वाटलं.

रविवारी दुपारी पान लागत असताना खालून निरोप आला, कोणी तरी भेटायला आलंय. ताई जिना उतरून गेल्या तर दाराशी पहारेकरी उभा आणि त्याच्या खुर्चीत एक हाडकुळा माणूस अवघडून बसलेला. पहारेकरी मास्तरांच्या गल्लीजवळच राहणारा होता. स्वतःची खुर्ची तो संपादकांनासुद्धा देत नसे.

"मी मास्तरांचा मुलगा," माणूस उठत म्हणाला. "मॅडम, ती बातमी छापू नका."

ताईंनी त्याला शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं. चहा मागवला. त्याने तो घेतला नाही.

"वकीलसाहेब बोलून गेले, म्हणून कळलं. माझ्या चांगल्यासाठीच करताय, ते समजतंय मला. पण नको."

"अरे, तू सुटलायस. निर्दोष सुटलायस. लोकांना कळायला नको?"

"तेच तर नको." त्याने दाराकडे पाहिलं. "आमच्या गल्लीत दोन टोळ्या आहेत. पोलिसांची गाडी फिरायला लागली की ही माणसं हत्यारं दुकानदारांकडे देतात. काउंटरवर पिशवी ठेवतात आणि म्हणतात, जरा सांभाळ. नाही म्हणायची कोणाची टाप नाही. आमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांभाळली. छापा पडला. तो आता आत आहे."

"आणि तुमच्या दुकानात?"

"आठ महिन्यांत एकदासुद्धा नाही. मला घाबरतात, मॅडम." हे सांगताना तो चक्क लाजला. "आत मी कपडे धुवायच्या खात्यात होतो. कोणाला नखसुद्धा लावलं नाही. पण बाहेर आलो तर लोक वाट सोडून उभे राहायला लागले. दोरा म्हणजे मी दोऱ्याने गळा आवळतो, असं समजतात. मी पण काही बोलत नाही. मुलगी सातवीत आहे माझी. शाळा सुटली की दुकानातच अभ्यासाला बसते, काउंटरच्या मागे."

ताईंना हसावं की रडावं कळेना. तोकडी ओळ भरायला घातलेला आपला एक शब्द या मुलीची राखण करत होता. लाज वाटली, ती मात्र अगदी खरी.

"नाव न घालता छापलं तर?"

"गल्लीत शिंपी एकच आहे."



"मास्तरांना सांगितलंस हे?"

"नाही. त्यांना कळलं तर तावातावाने टोळीवाल्यांनाच जाब विचारायला जातील. तुम्ही पण सांगू नका. शब्द द्या." जरा थांबून तो म्हणाला, "तसं आमचं बोलणं बेताचंच असतं. आई होती तोवर ती इकडचं तिकडे पोचवायची."

ताईंनी शब्द दिला. वर जाऊन बातमी काढायला सांगितली, तेव्हा वृत्तसंपादकांनी हात जोडले. "धन्य आहे तुमची," ते म्हणाले आणि त्या चार कॉलमांत फुटलेल्या जलवाहिनीची बातमी बसवली.

सोमवारी सकाळी ताई येऊन बसतात न बसतात तोच मास्तर आले. हातात वर्तमानपत्राची घडी.

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. दोनदा."

"शेवटच्या क्षणी काढावी लागली, मास्तर. जागेची अडचण झाली."

मास्तर खुर्चीत बसले. "जागेची अडचण नाही. तो आला होता. खाली पहारेकरी बोलला मला. त्यानेच अडवलं ना?"

ताई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या.

"निर्दोष माणूस असं कशाला अडवेल?"

"मास्तर, त्याने काही केलेलं नाही. सगळा निकाल मी स्वतः वाचलाय. तो निर्दोष आहे."

"मग अडवलं का?"

"ते त्यालाच विचारा."

मास्तरांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिले, कापडाची चुणी काढावी तसा.

"तुमचं ते छापून आलं, तेव्हा मी त्याला काही विचारलं नाही," ते म्हणाले. "पेपरात आलंय म्हणजे असणार, म्हटलं. चार वर्षं तो आत होता. त्याची आई दर महिन्याला भेटीला जायची. परत आली की सांगायची, तुमची आठवण काढतो. मी एकदाही गेलो नाही."

ताईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"आज बातमी आली असती, तर पान उघडून त्याच्या मशीनवर ठेवणार होतो. बातमी वर येईल असं. त्याने वाचलं असतं. मला काही बोलायला लागलं नसतं."

"आता बोला, मास्तर."

"हो. आता बोलायला लागेल."

"दुकान किती वाजता उघडतं?"

"उघडलंय कधीच. तोच उघडतो. एकटाच बसलाय."

मास्तरांनी ग्लासातलं पाणी संपवलं. ताईंचा फोन वाजू लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. तरी ते खुर्चीतून उठले नाहीत.