नळीतला घोल

“नंदूजी, आता घोल ऋजुताच बनवेल. तुम्ही जरा आराम करा ना,” म्हणत श्रीहरी सरांनी माझ्या हातातली लाकडी पळी काढून घेतली आणि तिच्या हातात दिली.

आराम म्हणे. बावीस वर्षं या कॉलेजच्या प्रयोगशाळेत घोल, म्हणजे प्रयोगाचं घट्ट द्रावण, मीच बनवत आलो. पाण्यात पावडर चिमटी-चिमटीने भुरभुरायची, हलक्या हाताने ढवळायचं आणि एक दिवस झाकून ठेवायचं. पळी उचलली की पाकासारखी तार सुटली पाहिजे. माझी वीतभर सुटायची. आणि ही कालची पोरगी, सांगलीहून पीएच.डी.ला आलेली, माझ्याकडूनच शिकून चौथ्या खेपेला हातभर तार काढून बसली. आयत्या बिळावर नागोबा! सर एकेकाला बोलावून ती तार दाखवत होते. जळलो मी, खोटं कशाला बोलू?

तिचं काम असं, की लांब काचेच्या नळीत तो घोल भरायचा आणि दट्ट्याने पुढे-मागे हलवायचा. मध नुसता घट्ट असतो. या घोलाला रबरासारखा ताणही असतो. त्यामुळे दट्ट्याचा वेग वाढवत नेला की एका ठरावीक वेगाला तो अचानक उसळतो, कितीतरी पटीने. ती उसळी दिसली तर तिचं संशोधन खरं. सोमवारी दिल्लीहून दोन परीक्षक ती बघायला येणार होते. पुढच्या दोन वर्षांची तिची फेलोशिप त्यावरच ठरणार होती.

सोमवारी सकाळी ती त्यांना घ्यायला एअरपोर्टवर गेली. तिने बनवलेल्या घोलाची बादली टेबलावर होती. मी ती पंपाला जोडली आणि अर्धा तास फुल स्पीडवर घोल गोल-गोल फिरवला. इतका रगडला की त्यातला ताण मरतो, दिसायला मात्र तो तसाच दिसतो. हे मला ठाऊक होतं. तिला अजून शिकवलं नव्हतं.

पाहुण्यांना घेऊन ती आली आणि आल्या-आल्या तिने तोच घोल नळीत भरला. वेग वाढवत गेली, पण उसळी काही आली नाही. पुन्हा केलं, तरी नाही.

“कालपर्यंत तर येत होती यार,” सर पुटपुटले.

“घोल किसने बनाया?” एका परीक्षकाने विचारलं.

“मैंने, सर,” ऋजुता म्हणाली. “गलती मेरी ही होगी.”

मी कोपऱ्यात उभा होतो. बरं वाटलं मला, नाही म्हणत नाही.

फेलोशिप अडकली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली. डोळे सुजले होते. “काका, घोल तुम्हीच बनवा. मला नाही जमत.”

हेच तर हवं होतं मला. मी बाह्या वर केल्या आणि पावडर भुरभुरायला लागलो. ती शेजारी वही उघडून उभी राहिली.

“माझं नेमकं काय चुकलं, काका? दर वेळेला करते तसंच तर केलं होतं.”

खरं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण सर दारात उभे राहून माझं ढवळणं बघत होते, कितीतरी दिवसांनी.

“हात जड आहे तुझा, बेटा,” मी म्हणालो.

तिने वहीत तारीख टाकली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.