उपडं भांडं

"आजोबा, भांडं पितळेचंच लागतं, की कुठलंही चालतं?"

बाकावर शेजारी बसलेल्या बाईने कुजबुजत विचारलं. तिच्या मांडीवर जाडजूड फाइल होती आणि मघापासून ती ओठातल्या ओठात पाठांतर करत होती.

"कुठलंही चालतं," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"बरं झालं विचारलं. मी स्टीलचं सांगणार होते, म्हटलं चुकायला नको."

काकांच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या नातीने आजोबांकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणाऱ्या समितीचं हे कार्यालय. बाहेरच्या दोन बाकांवर मिळून बावीस माणसं होती. सगळी डोंगरातल्या एकाच जमातीची, पोटासाठी शहरात उतरलेली. सगळ्यांना धास्ती होती ती अर्जातल्या अकराव्या प्रश्नाची. घरात मृत्यू झाल्यावर कोणती वस्तू उपडी ठेवतात, आणि किती दिवस? पाण्याचं भांडं, सात दिवस. हे सांगता आलं तर माणूस जमातीतला, नाही आलं तर उपरा. या उत्तराचा जनक त्याच बाकावर गुडघे चोळत बसला होता. ते उत्तर त्याने पदरचं घातलेलं होतं, हे आता तो आणि त्याची नात एवढ्या दोघांनाच माहीत होतं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी काका विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र विभागात जीप चालवायला लागले. विभागातल्या प्राध्यापक बाईंना डोंगरातल्या लोकांवर पुस्तक लिहायचं होतं आणि ड्रायव्हर नेमका तिथलाच निघाला. दुभाषाही आयता मिळाला. पहिल्याच फेरीला काकांनी जीप स्वतःच्या घरासमोर उभी केली. तीनच दिवसांपूर्वी त्यांचे वडील गेले होते, आणि हे बाईंना सांगितलेलं नव्हतं. सांगता येत नव्हतं. जमातीची रीतच तशी होती. माणूस गेला की सात दिवस घरात कुणी त्याच्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. आठव्या दिवशी सकाळी घरातल्या सर्वांत लहान माणसाने मागच्या दारात उभं राहून त्याचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं. मग तोंडं मोकळी व्हायची, रडायचं ते रडायचं.

बाईंनी काकांच्या आईलाच विचारलं, माणूस गेला की तुम्ही काय करता? आई जमिनीकडे बघत राहिली. खरं म्हणजे तेच उत्तर होतं. पण गप्प बसणं वहीत कसं उतरवणार? बाईंची पेन्सिल थांबली होती आणि आईचा चेहरा काकांना बघवेना. अंगणात घासलेलं भांडं वाळत पडलं होतं.

"भांडं उपडं घालतात, बाई," काका बोलून गेले.

"किती दिवस?"

"सात."

बाईंनी त्या भांड्यावर पुस्तकात अडीच पानं लिहिली. आटलेलं पाणी, संपलेला श्वास, असं बरंच काही. प्रस्तावनेत शेवटून दुसऱ्या ओळीत 'आमच्या वाहनचालकाचे आभार' होते. पुढे सरकारला जमात ओळखायची कसोटी हवी झाली, तेव्हा त्या पुस्तकातूनच प्रश्न काढले गेले. तोवर बाई वारल्या होत्या. लोक मात्र हुशार. दाखल्यासाठी आधी पाठ केलं, मग कुणी गेलं की खरोखरच भांडं घालू लागले. दोन वर्षांपूर्वी काकांची बायको गेली, तर शेजाऱ्यांनीच स्वयंपाकघरातून भांडं आणून दारात उपडं ठेवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काका काय बोलणार?

आठव्या दिवशी नातीने मागच्या दारात जाऊन आजीचं नाव घेतलं. कसं घ्यायचं हे आजीनेच तिला शिकवून ठेवलं होतं.

आणि महिन्यापूर्वी समितीपुढे नातीने हेच सगळं जसंच्या तसं सांगितलं. भांड्याचं विचारलं तर म्हणाली, ते शेजारचे ठेवून गेले. तिच्या अर्जावर शेरा पडला, 'जमातीच्या चालीरीतींची माहिती नाही'. नर्सिंगच्या शाळेतली तिची जागा शुक्रवारपर्यंतच राखून ठेवलेली होती. आज बुधवार होता आणि फेरसुनावणीला घरातलं वडीलधारं माणूस आणायला सांगितलं होतं.

सकाळी निघताना काकांनी नातीला सगळं सांगून टाकलं होतं. आता तेच समितीलाही सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

आत अध्यक्ष होते ते बाईंचेच विद्यार्थी. काकांना बघताच ते खुर्चीतून उठले. जीपच्या मागच्या बाकावर आपण कशा उलट्या काढल्या होत्या, हे त्यांनी इतर सदस्यांना हसत सांगितलं. मग त्यांनी पुस्तक उघडलं. भांड्याच्या पानाचा कोपरा बोटं लागून काळा पडला होता.

"काका, तुमच्यासमोरच बाईंनी हे टिपलंय. आता तुम्हीच सांगा, खरं काय?"

काकांनी घसा साफ केला. पुस्तकात चूक असली तर काय होतं, असं त्यांनी आडून विचारलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. मग याच उत्तरावर दिलेले सातशे-आठशे दाखले पुन्हा तपासायला घ्यावे लागतील, ते म्हणाले. त्यांतले निम्मे लोक नोकरीला लागलेत.

काकांना बाहेरची बाई आठवली. स्टीलचं सांगणार होती.

"भांडं होतं, साहेब," ते म्हणाले. "आमच्या दारात सात दिवस होतं. पोर लहान आहे. आजी गेल्याच्या दुःखात तिचं लक्ष नव्हतं. काहीतरीच बोलून गेली."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. जुना शेरा खोडून त्यांनी नवा लिहिला, 'वडीलधाऱ्यांच्या साक्षीनुसार अर्जदाराचे पूर्वीचे कथन चुकीचे', आणि सही केली. दाखला दहा मिनिटांत मिळाला. काकांना लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

दोघं घरी पोचली. दाखला नातीने कपाटात ठेवला, पाणी प्यायली, आणि मग आजोबांसमोर येऊन बसली.

"आजीने शिकवलेलं चुकीचं, असं त्या कागदावर आता कायमचं राहणार."

"राहणार."

"आणि तुम्ही गेल्यावर मी काय करायचं?"

"भांडं उपडं घाल. लोक येतील, त्यांना दिसलं पाहिजे."

"आणि आठव्या दिवशी?"

काकांनी बोटाने चटईची सुटलेली कड आत सारली. "ते जसं आहे तसंच. पण कुणाला सांगत बसू नकोस. ते सांगायचं नसतंच."

मग तिने विचारलं, नाव कुठलं घ्यायचं, कागदावरचं का? काकांचं कागदावरचं नाव शाळेच्या मास्तरांनी घातलेलं होतं. आईने ठेवलेलं वेगळं होतं. ते माहीत असलेलं शेवटचं माणूस दोन वर्षांपूर्वी गेलं होतं, आणि त्यानंतर त्या नावाने काकांना कुणी हाक मारली नव्हती.

काका पुढे वाकले आणि तिच्या कानात त्यांनी ते सांगितलं.

नातीने ते एकदा पुटपुटून बघितलं. मग नीट, स्वच्छ आवाजात म्हटलं, अगदी शेजारी ऐकू जाईल असं.

"हळू," काका म्हणाले. "अजून वेळ आहे."