रिकामा फिरलेला मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. खरं म्हणजे जळालेला मिक्सर आहे, पण सुरुवातीलाच रडगाणं नको म्हणून जुना म्हणतो. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, झाकणाची रबरी कड कडक झाली आहे आणि मोटरीतून अजूनही करपल्याचा वास येतो. मिक्सर म्हटल्यावर वाटण्या-दळण्याची गोष्ट असणार, असं तुम्हाला वाटत असेल. पहिली तीन वर्षं ती तशी होतीही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या मोटरीची तांब्याची तार कोणी गुंडाळली, पाती कोणी बसवली, काही आठवत नाही. आठवतो तो शेवटी बसलेला तपासनीस. त्याने मला अर्धा मिनिट चालवलं, डोळे मिटून माझा आवाज ऐकला आणि अंगावर चिठ्ठी डकवली. माझा आवाज केवळ माझ्यासाठी ऐकणारा तोच पहिला आणि तोच शेवटचा. माझ्याबरोबर खोक्यात एक पुस्तिका होती. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग चालवू नये आणि रिकामा तर मुळीच चालवू नये, असं तिच्यात ठळक अक्षरांत छापलं होतं. ती पुस्तिका घरात कोणी उघडली नाही.

मला विकत घेतलं एका लाइनमनने. टेलिफोनच्या तारा ओढणं, खांबावर चढणं, लोकांच्या घरी फोन बसवणं हे त्याचं काम. त्याची बायको, म्हणजे माझी मालकीण, घरीच शिवणकाम करायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी, दाराशेजारी भिंतीवर काळा टेलिफोन आणि त्याच दाराजवळ एका वेताच्या खुर्चीत मालकिणीचे वडील. त्यांना सगळे बाबा म्हणत.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. भाजीच्या मोठ्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं लिलाव पुकारला होता. कान गेले होते, पण गळा शाबूत होता. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच त्यांना ऐकू यायचं, आणि ते स्वतः साधं पाणी मागायचे तेही खालच्या चौकात ऐकू जायचं. त्यांच्या पोटात काही राहत नसे. सकाळी त्यांना सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत जिन्यात पोचलेली असे. मालकीण वैतागायची आणि लाइनमन हसायचा. मी मिरच्या, लसूण, दाणे, भिजवलेली डाळ, जे पडेल ते चटकन वाटून द्यायचो. शेजारणी मला बघायला येत आणि माझ्या मालकिणीच्या नशिबाचं कौतुक करत. ते दिवस मला गोड वाटतात, हे उघडच सांगतो.

मग एका दुपारी लाइनमन अवेळी घरी आला. बूट न काढताच आत आला, ओट्यावर माझ्या शेजारी एक कागद ठेवून उभ्या उभ्याच लिहू लागला. म्हणून मला वाचता आलं. कचेरीत वरच्या मजल्यावर एक नवी खोली झाली आहे, तिला बाहेरून कुलूप असतं, आपल्या सगळ्या इमारतीच्या तारांना जोडून दुसरी तार त्या खोलीत गेली आहे, आणि ती आज मीच जोडली, असं त्याने लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती. फोन खाली ठेवलेला असला तरी त्यांना खोलीतलं ऐकू येतं.

मालकिणीने कागद वाचला आणि शेगडीवर जाळला. क्षणभर तिने घरभर नजर फिरवली. मग तिचा हात माझ्या बटणावर आला. भांडं रिकामं होतं. मी भरधाव फिरू लागलो आणि तिने नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. फोन काढून टाकता येत नव्हता, कारण लाइनमनच्याच घरातला फोन निघाला तर आधी तेच डोळ्यांत येणार. त्यावर उशी बांधली तर उशी बांधल्याचंही कळणार. गच्चीवर जाऊन बोलावं, तर तिथे त्याच कामासाठी आलेल्या, जोडीजोडीने फिरणाऱ्या लोकांचीच गर्दी. तेव्हा राहिलो मी. मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी चालू असताना जे बोललं जायचं ते मला स्वतःला कधीच ऐकू आलं नाही. मला नुसते ओठ हलताना दिसायचे. मी बंद असताना जे बोललं जायचं ते मात्र सगळं ऐकू यायचं, आणि ते ऐकून माझा जीव उबगायचा.

आज हवा छान आहे. हो, छान आहे. बटणं संपली वाटतं. हो, आणायला हवीत. दोघं एकमेकांशी असं बोलत की जणू आजच ओळख झाली आहे. पुढे पुढे तेही कमी झालं. जेवताना लाइनमन मीठ मागायचा नाही, कारण मीठ कमी म्हटलं तर दुकानात मीठ मिळत नाही अशी ती तक्रार वाटेल. मालकीण दमले म्हणायची नाही, कारण कशाने दमलीस असा प्रश्न निघेल. सकाळचा राग ती संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवायची आणि मी सुरू झालो की काढायची. तोवर त्या रागाचं कारणही तिला आठवत नसे. समजूतही माझ्याच आवाजात, लाडही माझ्याच आवाजात. संध्याकाळी सहाला आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर मिक्सर सुरू होत. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय खातेपिते लोक आहेत.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायचं कसं? कानात ओरडावं तर फोनला ऐकू जाणार. मी चालू असताना सांगावं तर त्यांना ऐकू येणार नाही. लिहून द्यावं तर ते मोठ्याने वाचणार. ते खुर्चीतून माझ्याकडे बघायचे आणि सगळ्या मजल्याला ऐकवायचे, "दिवसभर वाटतेस तरी काय गं? ताटात तर काही दिसत नाही." मालकीण नुसती मान हलवायची.

आता खरी गोष्ट. मालकिणीचा एक भाऊ होता, त्याला धाकटा म्हणत. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो आला की मी बराच वेळ फिरायचो. एकदा त्याने त्या कुलपाच्या खोलीबद्दल एक पत्रक जुळवलं आणि शहरात वाटलं. तिसऱ्या दिवशी छापखान्यावर माणसं आली, पण धाकटा तिथे नव्हता. नदीच्या घाटावर त्याचा सदरा आणि चपला सापडल्या. घरी रडारड झाली. ती मी बंद असताना झाली, मोठ्याने झाली आणि फोनकडे तोंड करून झाली. बाबा तेवढे भिंतीकडे तोंड करून रडले.

तुम्हाला कोड्यात ठेवत नाही. धाकटा जिवंत होता. सदरा आणि चपला लाइनमननेच ठेवल्या होत्या आणि धाकटा हद्दीपलीकडे गेला होता. मेलेल्याला कोणी शोधत नाही, एवढा साधा हिशेब. हे दोघांनाच माहीत होतं, आणि माझ्या शेजारी लिहून जाळलेल्या एका कागदामुळे मला. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने अख्ख्या चौकाला सांगितलं असतं. म्हणून बाबांचा मुलगा मेलेलाच राहिला. दोन वर्षं ते रोज सकाळी खिडकीतून नदीच्या दिशेला बघत बसत. नावाने हाक मारत नसत, पण ओठ हलत.

मालकिणीला हे सोसत नव्हतं. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवायची, त्यांच्या सदऱ्याची शिवण उगाच उसवून पुन्हा घालायची. मी चालू असताना ती नवऱ्याला काहीतरी विनवायची आणि तो नाही म्हणून मान हलवायचा. काय विनवत होती ते आता मला कळतं.

त्या संध्याकाळी ती बाहेरून आली ती पळतच. कपडे शिवायला टाकणाऱ्या एका बाईने तिला निरोप दिला होता. तिने पिशवी फेकली, लाइनमनला हाताला धरून ओढलं आणि माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ती बोलत होती, रडत होती, हसत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. माझ्या पोटात आग पेटली होती. मी सांगणार कोणाला? तारेवरचा लेप वितळू लागला, निळा धूर निघाला आणि मी एकदम गपकन थांबलो.

वाक्य मात्र थांबलं नाही. माझ्या आवाजावर मात करायला ती ओरडत होती, आणि त्याच आवाजात तिचं उरलेलं वाक्य मोकळ्या घरात पडलं. "धाकट्याला मुलगी झाली, आणि तिला आईचं नाव ठेवलंय."

दोन वर्षांत पहिल्यांदा बाबांना त्या घरात खरं काही ऐकू आलं. ते खुर्चीतून उठले. "कोणाला मुलगी झाली? आपल्या धाकट्याला?"

मालकिणीचा हात तोंडावर गेला होता. लाइनमन फोनकडे बघत होता. त्याने बायकोला हाताने खूण केली, नाही म्हण.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी खालच्या मजल्यावरच्यांचं सांगत होते. तुम्हाला चुकीचं ऐकू आलं."

"काय?" बाबांनी कानामागे हात धरला. ते हसत होते. हे आठवलं की अजूनही माझ्या जळलेल्या मोटरीत कळ येते.

मग तिला जवळ जाऊन, त्यांच्या कानात आणि त्या फोनच्याही कानात, ओरडावं लागलं. "आपला धाकटा नदीत गेला, बाबा. त्याला कसली मुलगी होणार?" बाबांनी पुन्हा काय म्हणून विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिचा आवाज फाटला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले आणि बसले.

कोणी आलं नाही. ना त्या दिवशी, ना पुढे. त्या कुलपाच्या खोलीत ते वाक्य कोणी ऐकलं, की तिथला माणूस तेव्हा चहा प्यायला गेला होता, मला माहीत नाही. घरातल्यांची मात्र पाचावर धारण बसली होती. मला दुरुस्तीला टाकू नको, नवा आणू नको, असं लाइनमनने कागदावर लिहिलं. आवाज बंद पडल्या पडल्या दुसऱ्याच दिवशी नवा मिक्सर आला, तर मिक्सर कशासाठी लागतो ते कोणालाही कळेल. महिनाभर थांबू, असं ठरलं.

मी ओट्यावर तसाच मेलेला पडून होतो, म्हणून पुढचं सगळं पाहिलं. बाबांचा आवाज गेला होता. गळा बसला नव्हता, तरी ते कुजबुजायचे. लिलावात चाळीस वर्षं गरजलेला माणूस पाणी मागताना लेकीला जवळ बोलावून तिच्या कानात मागायचा. नदीकडे बघणंही त्यांनी सोडलं. त्यांना सगळं उमगलं होतं आणि ते आता घर सांभाळत होते? की लेकीच्याच तोंडून तीन वेळा ऐकून त्यांच्यातलं काही तुटलं होतं? मालकीण त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. तिला विचारायचं होतं, तुम्हाला कळलं ना बाबा? पण विचारायला माझा आवाज हवा होता, आणि महिना पुरा व्हायचा होता. बाबा अठराव्या दिवशी खुर्चीतच गेले.

महिना भरल्यावर लाइनमनने नवा मिक्सर आणला, निळ्या रंगाचा. मी दाराजवळ जमिनीवर होतो, घराबाहेर जाण्यासाठी. मालकिणीने नवा मिक्सर रिकामाच सुरू केला, वेताची रिकामी खुर्ची ओढून समोर घेतली आणि तिच्याशी बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. लाइनमन मध्ये पडला नाही.

आता मी एका दुरुस्तीवाल्याच्या फळीवर आहे. त्याने मला उघडलं, करपलेली तार पाहिली आणि म्हणाला, "रिकामा चालवलेला दिसतोय." लाइनमन पिशवीची घडी घालू लागला. दुरुस्तीवाल्याने मला फळीवर सरकवलं. या फळीवर माझ्यासारखे सत्तावीस आहेत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्हा वस्तूंनी काळजी घ्या, जपून वापरा असं सांगायचं असतं. माझी काळजी घेऊ नका, माझी वेळ गेली. पण तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल, आणि तुम्ही अशा घरात राहत असाल जिथे अजून आवाज न करता बोलता येतं, तर त्याला जे सांगायचं आहे ते आजच सांगा, मोठ्याने सांगा, दोनदा सांगा. माझ्या मालकिणीने तसं केलं असतं तर तिचा नवरा तुरुंगात गेला असता, हे मला कळतं. मी तिला बोल लावत नाही. मी स्वतःलाच लावतो. आणखी एक वाक्य संपेपर्यंत मी टिकायला हवं होतं, तेवढंही माझ्याने झालं नाही.