कोरा नमुना

संचालकांनी माझा आलेख दोन बोटांत धरून परत दिला, मेलेलं झुरळ उचलावं तसा. "हे शिखर खोटं आहे. तुझ्या रसायनाच्या बाटलीतली घाण आहे ती. संध्याकाळपर्यंत लेख मागे घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हजारो वर्षांपूर्वीच्या बर्फाचे थर मी चार वर्षं वितळवत होते. अवकाशातले विश्वकिरण हवेवर आदळले की बेरिलियमचा एक दुर्मीळ प्रकार तयार होतो आणि बर्फाबरोबर खाली येऊन बसतो. किरण जास्त, तर तोही जास्त. एका थरात तो एकदम दुप्पट निघाला होता, म्हणजे त्या काळी किरणांचा मारा वाढला होता. आणि ही म्हणे घाण!

"मग कोरा नमुना मोजू," मी म्हटलं. तो थर वितळवला त्याच दिवशी नुसतं शुद्ध पाणीही मी त्याच भांड्यांतून, त्याच बाटलीतलं रसायन घालून काढून ठेवलं होतं. "घाण असेल तर यातही दिसेल. दिसली तर लेख मी स्वतः फाडते."

"चल," ते म्हणाले. माणूस खडूस, पण पळपुटा नाही.

यंत्रावरच्या काकांनी त्या पाण्यातून काढलेली चिमूटभर पांढरी पूड आत सरकवली. त्या बेरिलियमचा एक अणू सापडला की पडद्यावर एक ठिपका. पहिला ठिपका लगेच उमटला आणि मी काकांकडे पाहिलं.

"एखाददुसरा येतोच," काका म्हणाले.

पण दुसरा आलाच नाही. आम्ही तिघंही पडद्याकडे डोळे लावून बसलो. बाकी पडदा कोराच.

"यंत्र झोपलंय की काय?" संचालक कुरकुरले.

काकांनी आता बर्फाच्या थरातून काढलेली पूड लावली. ठिपक्यांनी पडदा बघता बघता भरून गेला. मी चक्क टाळ्या पिटल्या.

संचालकांनी आलेख मागून घेतला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "चुकलो मी. लेख छापायला जाऊ दे. आणि त्यात जिथे जिथे 'कदाचित' लिहिलंयस, ते आधी खोड."

बाहेर येते तोच आईचा फोन. मोजणीला बसताना मी तिला कळवलं होतं.

"काय आलं गं?"

"काहीच नाही!" मी ओरडले.

आई हळूच म्हणाली, "असू दे. घरी ये, दोन घास खा."

"अगं, काहीच आलं नाही म्हणून तर जिंकले!"

"गणितात शून्य मिळालं तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतंस."

"ते फुकट मिळालं होतं, आई. हे मी चार वर्षं राबून मिळवलंय."